ते व्रत नव्हतं, शैला

शैला,

तुझं तेरावं झालं. मांडव सोडून नेला, भाड्याची भांडी परत गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रस काढायच्या, कॅनिंगच्या आंब्याचा पहिला टेम्पो आपल्या फाटकात येऊन उभा राहिला. ड्रायव्हरला काही माहीत नव्हतं. त्यानं नेहमीसारखा हॉर्न वाजवला. मी जाऊन माल उतरवून घेतला. हंगाम कुणासाठी थांबत नाही, हे तूही म्हणाली असतीस, आणि पदर खोचून माझ्या आधी शेडमध्ये गेली असतीस.

मला चारचौघांत रडता येत नाही, तुला ठाऊक आहे. सासूबाई गेल्या तेव्हा तू रडत होतीस आणि मी आल्यागेल्याला पाणी देत होते. या वेळीही पाणी मीच दिलं. फक्त रडायला तू नव्हतीस, त्यामुळे घर फार शांत वाटलं. म्हणून हे लिहायला बसले आहे. तुझी जन्मतारीख, शिक्षण, माहेर वगैरे पेपरात आलं. ते पुन्हा लिहीत नाही. तुझ्या-माझ्यात जे चाललं होतं आणि अर्धवट राहिलं, तेवढंच.

पावसच्या रस्त्याला, कातळावर आपलं घर. घराला लागून पत्र्याची शेड, आणि त्या शेडमध्ये दोघा भावांनी मिळून टाकलेला कारखाना. कारखाना म्हणायचं एवढंच, बाकी दोन मोठ्या कढया, बाटल्या धुवायचं टाकं आणि लेबलं चिकटवायचं लांब टेबल. आंब्याचा स्क्वॅश, कोकम सरबत, मिक्स फ्रूट जॅम. हे आणि अनंतभाऊजी माल घेऊन मुंबईला जायचे, आणि मागे तू नि मी. हंगामात वाडीतल्या बायका यायच्या, त्यांच्यातच आपणही उभ्या. मी थोरली जाऊ, तू धाकटी. मी तुला अगोजागो करायची, तू मला वहिनी म्हणायचीस. भांडायचं असलं की मात्र तू ‘अहो वहिनी’ म्हणायचीस. त्या ‘अहो’वरून मला कळायचं.

अठ्ठ्याण्णव साली केतकी तिसरीत होती. पावसाळा संपला आणि तिच्या पोटात दुखायला लागलं. आज दुखलं, उद्या थांबलं, परवा परत. दिवाळीच्या आधी तू तिला गावातल्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरवलंस आणि मला म्हणालीस, वहिनी, सोबत चला. भाऊजी मुंबईला होते.

डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी पोट दाबून पाहिलं आणि तुला विचारलं, “काल हिनं काय काय खाल्लं? सकाळपासून सांगा.”

“सकाळी दूध-बिस्किटं,” तू म्हणालीस.

“मग?”

“शाळेच्या डब्यात नूडल्स. दुसरं काही दिलं तर डबा तस्साच परत आणते.”

“मग?”

“घरी आल्यावर जॅम-पोळी. म्हणजे पोळी थोडी सोडते.” तू जराशी हसलीस. “मग संध्याकाळी वेफर्स. आणि आमचं स्क्वॅश असतंच, ते मधूनमधून.”

“आणि रात्री?”

“रात्री ती बसते आमच्याबरोबर. पण भूक नसते म्हणते.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. आवाज चढवला नाही, काही नाही. त्यांनी एवढंच विचारलं, “मग ही जेवते कधी?”

जंताचं औषध घेऊन आपण रिक्षानं निघालो. भाट्याचा पूल आला तेव्हा खाडीकडे बघत म्हणालीस, “वहिनी, ती जेवतच नाही हो. आणि मला वाटत होतं ती दिवसभर खात असते.”

नंतर लोकांना वाटायचं की तू घरी येऊन सगळे पुडे उकिरड्यावर टाकलेस. तसं काही झालं नाही. तू काहीच टाकलं नाहीस. जे संपलं ते परत आणलं नाहीस, एवढंच. आधी नूडल्स संपल्या, मग बिस्किटं, मग वेफर्स. केतकी पुष्कळ रडली. एकदा तर माझ्याकडे येऊन म्हणाली, काकू, आईला पैसे दे ना, तिच्याकडे संपलेत. तू तिला मारलं नाहीस की समजूतही घातली नाहीस. भाताचे मुटके करून ताटात ठेवायचीस आणि आपलं आपण जेवायचीस. थंडीत कधीतरी ती पोर गपचूप जेवायला लागली. पोटदुखी औषधानं गेली की जेवणानं, आपल्याला कळलं नाही.

इथवर माझी काही हरकत नव्हती. पोर बरी झाली, बास, असं मी धरून चालले होते. पण तू थांबली नाहीस. पोरीसाठी सुरू केलंस आणि स्वतःही त्यातच राहिलीस. टोस्ट गेले, खारी गेली, फरसाण गेलं. डालडा गेला, तयार मसाल्याचे पुडे गेले, सॉसची बाटली गेली. मग एक दिवस आपल्याच जॅमची बरणी तू माझ्या फडताळात आणून ठेवलीस. “तुमच्याकडे लागेल,” म्हणालीस.

“आणि तुमच्याकडे?”

“नको आता.”

तेव्हा माझं डोकं फिरलं. आपण दोघी मागच्या दारी सुकट निवडत बसलो होतो. मी म्हटलं, “शैले, ही सुकट काय झाडाला लागते? हीसुद्धा मासळीवर काहीतरी करूनच होते ना?”

“मिरकरवाड्याच्या बाईनं वाळत घातलेली मी बघितल्येय. ऊन आणि मीठ, दुसरं काही नाही त्यात.”

“आणि गूळ? गूळ करताना कधी बघितलास?”

तू खरोखर विचारात पडलीस. सुकट हातात धरून बसलीस. मग म्हणालीस, “नाही बघितला. पण गूळ चालेल.”

“का?”

“असंच.”

असल्या माणसाशी वाद कसा घालायचा? नियम असता तर मी तो मोडून दाखवला असता. तुझ्याकडे धड नियमही नव्हता. पोह्यांना हो, पापडाला हो, साबुदाण्याला नाही, साखरेला थोडीशी. मी हसायची आणि तू चिडायची नाहीस, त्यामुळे मीच जास्त चिडायची.

मग तो दादरचा व्यापारी आला. हे आणि भाऊजी कितीतरी दिवस त्याच्या मागे होते. त्याच्या दुकानात माल लागला असता तर शेडला पक्कं छप्पर घालता आलं असतं. तो सहकुटुंब गणपतीपुळ्याला आला होता, वाट वाकडी करून आपल्याकडे उतरला. तू सगळ्यांना बर्फ घालून स्क्वॅश दिलंस, ट्रे घेऊन उभी राहिलीस. त्याची बायको मोकळ्या स्वभावाची होती. म्हणाली, “अहो, तुम्हीपण घ्या ना आमच्याबरोबर.”

तू म्हणालीस, “नको, मी बाटलीतलं काही घेत नाही.”

सहज म्हणालीस. कुणी ‘मी चहा घेत नाही’ म्हणावं तसं. त्या बाईनं हातातल्या ग्लासाकडे बघितलं आणि तो खाली ठेवला. व्यापारी हसला, इकडचं तिकडचं बोलला, आणि ऑर्डर कधीच आली नाही.

त्या दुपारी हे तुझ्यावर ओरडले. धाकट्या भावाच्या बायकोवर ते आयुष्यात एकदाच ओरडले, ते तेव्हा. “घरचीच बाई मालाला नावं ठेवायला लागली तर बाहेरच्यांनी काय करायचं?”

“मी नावं ठेवली नाहीत, दादा. त्यांनी घ्या म्हटलं, मी घेत नाही म्हटलं.”

“मग एक घोट घ्यायला काय झालं असतं?”

भाऊजी मध्ये पडले नाहीत. मी मात्र पडले. तुला बाजूला घेऊन विचारलं, “लोकांना पाजायचं आणि आपण प्यायचं नाही, हे कुठलं गो? एवढं वाईट असेल तर त्या बाटल्यांना लेबलं का चिकटवत्येस?”

“अहो वहिनी,” तू म्हणालीस, “मी वाईट म्हटलंच नाही. माल चांगला आहे आपला. स्वच्छ आहे. मला नको, एवढंच.”

“हे उत्तर नाही.”

“नाही,” तूही कबूल केलंस. “हे उत्तर नाही.”

तो वाद तिथेच राहिला. नंतर आपण दोघींनी तो कधी काढला नाही, पण तो मिटलाही नाही. तू रोज सकाळी शेडमध्ये यायचीस, माल टिकवायची पावडर मोजून टाकायचीस, रंग नि इसेन्स टाकायचीस, बाटल्या भरायचीस, आणि दुपारी घरी जाऊन भात-आमटी, तव्यावरचा बांगडा जेवायचीस. मला ते खोटं वाटायचं. शेडमधल्या बायकांना काही वाटत नव्हतं. त्या म्हणायच्या, सोनार काय सगळे दागिने अंगावर घालतो? मला ते पटलं नाही. खरं सांगायचं तर अजूनही पुरतं पटलेलं नाही.

चूल वेगळी करायचं मीच सुचवलं. तोपर्यंत आपण एकाच स्वयंपाकघरात, आपापली फडताळं ठेवून, रांधत होतो आणि दोन प्रकारच्या वाणसामानावरून रोज काहीतरी व्हायचं. मागच्या पडवीत तुझी चूल नि ओटा बांधून घेतला. गवंडी गेल्यावर तू नव्या ओट्यावर हात फिरवत म्हणालीस, “वहिनी, चूल तुम्ही रागावून दिलीत, पण मला हवीच होती.” यावर रागवायचं की हसायचं मला कळेना. मी दळणाचा डबा उचलून निघून आले.

एक सांगायला हवं, तू प्रयत्न केला होतास. दोन हजार तीनच्या हंगामात तू भाऊजींकरवी हट्ट धरलास की थोडा माल काहीही न घालता करून बघू. नुसता रस, चांगला उकळून, गरम गरम बाटलीत भरून झाकण घट्ट. यांनी नाखुशीनं हो म्हटलं. बाटल्या सुंदर दिसत होत्या. रंग न घालताही असा रंग येतो, हे मी विसरलेच होते. माल मुंबईला गेला आणि आठवड्याभरानं फोन आला की दुकानात झाकणं उडतायत. रस आंबला होता. एका गिऱ्हाइकाच्या नव्या पडद्यांवर फवारा गेला म्हणे. सगळा माल परत आला.

हे तेव्हा ओरडले नाहीत. “झालं समाधान?” एवढंच म्हणाले. ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

तू कुणालाही न सांगता परत आलेल्या बाटल्या टाक्यावर ओतायला बसलीस. पहिल्या दिवशी मी मुद्दाम गेले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. शेडच्या मागे तो वास! आंब्याचा, पण नेहमीचा नव्हे, नाकात झणझणणारा. मी एक बाटली उघडून वास घेतला आणि म्हटलं, “चव तरी बघूया गो काय झालंय.”

“वहिनी, नको.”

“का? यात तर काही घातलेलं नाही.”

तू माझ्याकडे बघितलंस आणि बाटली घेतलीस. मग मी घेतली. मग परत तू. चव मुळीच वाईट नव्हती. जिभेवर चुरचुरायचं आणि मग गोड लागायचं. ओतता ओतता, चाखता चाखता आपण किती प्यायलो कोण जाणे. एकाएकी तू हसायला लागलीस आणि थांबेचनास. म्हणालीस, “वहिनी, दारू झाल्ये हो ही!” मीही हसायला लागले. दोघी टाक्याच्या कडेला बसलो होतो, हात कोपरापर्यंत चिकट, माश्या घोंगावत होत्या, आणि आपण सासूबाईंचं नाव घेऊन हसत होतो, की त्या असत्या तर काय म्हणाल्या असत्या. भाऊजी आवाज ऐकून आले आणि आपल्याला बघून तसेच परत गेले. एवढं मोकळं आपण त्याआधी कधी हसलो नव्हतो. नंतरही नाही.

पुढच्या वर्षीपासून माल पूर्वीसारखा व्हायला लागला. तू पुन्हा विषय काढला नाहीस.

वर्षं गेली तशी लोकांना तुझी सवय झाली. लग्नाकार्यात वाढपी तुझ्या ताटात वरण-भात वाढून पुढे जायचे. प्रवासात तुझा डबा, भावकीत तुझी थट्टा. गावात मोठी दुकानं आली, रंगीत पुड्यांच्या माळा अगदी आपल्या फाट्यावरच्या टपरीपर्यंत येऊन लटकल्या. तू त्यांच्याबद्दल कधी प्रवचन दिलं नाहीस. दिलं असतंस तर सोपं गेलं असतं, तुला हेकट म्हणून सोडून देता आलं असतं. माझ्या मुलाच्या वाढदिवसाला मी बेकरीतून केक मागवायची, तो तू स्वतः कापून सगळ्यांना वाटायचीस आणि सुरी धुऊन ठेवायचीस.

दहावीनंतर केतकी पुण्याला शिकायला गेली. आपण दोघी एकदा तिला भेटायला गेलो तर तिच्या कॉटखाली नूडल्सचं अख्खं खोकं. मी तुझ्याकडे बघितलं. तू खोकं पायानं आत सरकवलंस आणि खाली झाडून घेतलंस. परतीच्या वाटेवर मी विचारलं, “काहीच बोलली नाहीस?”

“तिचं तोंड, तिचं पोट. लहान होती तोवर माझं होतं.”

“वाईट नाही वाटलं?”

“वाटलं की.” एवढंच. मग तू खिडकीला डोकं टेकून झोपलीस.

गेल्या पावसाळ्यात तुझं जेवण कमी झालं. आधी आपण दुर्लक्ष केलं, मग तपासण्या झाल्या, मग स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. डॉक्टर तुझ्याशी सरळ बोलले आणि तू सरळ ऐकून घेतलंस. मार्चमध्ये तुला शेवटचं दवाखान्यात ठेवलं तेव्हा तुला काहीच गिळवत नव्हतं. डॉक्टरांनी पावडरचा डबा लिहून दिला. पाण्यात कालवून दर थोड्या वेळानं द्या, म्हणाले, ताकद टिकेल. भाऊजी औषधाच्या दुकानातून डबा घेऊन आले आणि खोलीच्या बाहेर बाकावर बसून राहिले. आत जायची त्यांची हिंमत होईना.

“वहिनी, मी कसं सांगू तिला? दहा वर्षं तिनं असलं काही तोंडात घेतलं नाही.”

मग मी गेले. डबा पदराखाली वगैरे लपवला नाही. तुझ्यासमोर ठेवला आणि म्हटलं, “डॉक्टरांनी हे दिलंय. तुला नको असेल तर मी पेज करून आणीन, त्यांच्याशी मी बोलते.”

तू डबा हातात घेतलास. डोळ्यांजवळ धरून मागचं बारीक छापलेलं वाचायचा प्रयत्न केलास, मग सोडून दिलास. “द्या कालवून,” म्हणालीस.

“तुझं व्रत?”

तू माझ्याकडे असं बघितलंस, की माझी नजर कुठे ठेवावी मला कळेना. आवाज अगदी खोल गेला होता तुझा. “व्रत कुठे होतं हो, वहिनी? मला आवडायचं. साधा भात, मासा, आमटी. भूक लागायची आणि मी जेवायची. बाकीचं खाल्लं की ती भूकच जायची. व्रत तुम्ही लोकांनी केलंत त्याचं.”

मी कालवून दिलं. तू दोन घोट घेतलेस, तोंड वाकडं केलंस आणि म्हणालीस, “आपल्या इसेन्सचाच वास.” आणि जमेल तेवढी हसलीस. पुढे शेवटपर्यंत तू ते घेत राहिलीस, न कुरकुरता. मी पेजही आणायची. तिचा एखादा चमचा जिभेवर ठेवायचीस, गिळायची नाहीस. ठेवायचीस फक्त.

इतकी वर्षं मी तुझ्याशी जे भांडले, ते तुला तत्त्ववाली समजून भांडले. शेडमध्ये काम करतेस आणि शेडचं खात नाहीस, हा दुटप्पीपणा, असं मी धरून बसले होते. ते फक्त आवडणं असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आता आलंय, तर वाद घालायला तू नाहीस. असतीस तर मी म्हटलं असतं, आवडणं हेसुद्धा पुरेसं उत्तर नाही शैले, चिकटवलेल्या लेबलांचं काय? आणि तू म्हणाली असतीस, नाही, पुरेसं नाही.

तेराव्याला यांची मुंबईची आत्या आली होती. जेवणं झाल्यावर बायका बसल्या होत्या तेव्हा सुस्कारा टाकून म्हणाली, “एवढं सांभाळून खाल्लं बिचारीनं. बिस्किटसुद्धा तोंडात घातलं नाही कधी. काय मिळालं?”

सगळ्यांनी माना हलवल्या. मला ते सहन झालं नाही. मी पानाचं तबक खाली ठेवलं आणि म्हटलं, “काय मिळालं म्हणजे? रोज दोन वेळचं चवीचं जेवण मिळालं. आपल्यापैकी कुणाला मिळतं?”

माझा आवाज चढला होता हे मला नंतर कळलं, कारण पडवीतून हे उठून बघायला आले. हे तुला सांगायचं होतं. तुझ्या बाजूनं मी चारचौघांत बोलले ते हे पहिल्यांदाच, आणि ते तुला ऐकू गेलं नाही.

काल केतकीनं तुझं स्वयंपाकघर उघडलं. परवा ती पुण्याला जाणार आहे. म्हणाली, “काकू, आईची कुळथाची पिठी कशी करायची ते दाखव ना. मी तिला कधी विचारलंच नाही.”

मी तरी कुठे विचारलं होतं? दोन भिंतींपलीकडे तू रोज रांधत होतीस आणि मी फक्त फोडणीचा वास घेत होते. तरी गेले. तुझ्या डब्यातलं पीठ, तुझीच कढई. लसूण ठेचली, मिरची टाकली, पीठ पाण्यात कालवून ओतलं, आमसूल टाकलं, उकळू दिली. भाऊजींना हाक मारली. ते येऊन तुझ्या जागी न बसता आपल्याच पाटावर बसले. तिघांची पानं घेतली. भातावर पिठी वाढली.

केतकीनं पहिला घास घेतला, थोडा वेळ तोंडात ठेवला. “अशी नव्हती,” म्हणाली.

भाऊजींनीही घास घेतला. “नाही,” म्हणाले. “अशी नव्हती.”

मी म्हटलं, “नसेल. ही माझी आहे.”

केतकीनं मान हलवली, भात कालवला आणि जेवायला लागली. मग तिनं परत वाढून मागितली.